साखर कात्रीचे ऐकत नाही

नवीन जालन्यात बी-बियाण्यांच्या आणि औषधांच्या दुकानात चार टोमॅटोवाले जमले, की एक सल्ला हमखास कानावर पडतो : ‘खालची पाने काढून टाका, म्हणजे साखर फळात उतरते.’ पाठोपाठ खुलासाही येतो, की खालची पाने काही कमवत नाहीत, नुसती बसून खातात. शेडनेटमध्ये टोमॅटो लावणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेले असते आणि पुढच्याला सांगितलेलेही असते.

या सल्ल्यात एक काम आहे आणि त्या कामाचे एक कारण आहे. काम बहुतेक वेळा बरोबर असते. कारण मात्र बहुतांशी चुकीचे आहे. ‘काम बरोबर आहे ना, मग कारणाशी काय घेणे?’ असे कुणी म्हणेल. पण काम कुठे थांबवायचे हे कारणच सांगत असते. साखर वळवण्यासाठी पाने काढायची असतील, तर जितकी जास्त काढू तितके चांगले, असा त्याचा अर्थ होतो. हवा खेळावी म्हणून काढायची असतील, तर हवा खेळू लागली की हात थांबतो. कारण चुकले की कात्री दोन पाने जास्तच चालते, आणि त्या दोन पानांची किंमत फळाला, त्याहून जास्त फळातल्या बीला मोजावी लागते.

फळापेक्षा बीचा उल्लेख मुद्दाम केला. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवीन जालना, या गावाची ओळख पोलादाच्या सळयांइतकीच बियाण्यांमुळे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, 1964 मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको उभी केली, आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग इथे बियाण्यांच्या इतर कंपन्या आल्या. जालना जिल्ह्यात आणि शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात शेडनेटखाली टोमॅटो, मिरची, काकडी यांचे संकरित बीजोत्पादन रुजले. या शेडनेटमधला टोमॅटो बाजारात भाजी म्हणून जाण्यासाठी नसतोच. त्याचा गर धुऊन टाकतात, बी ठेवतात.

त्या बीमागे किती हात लागतात ते आधी पाहू. मादी ओळीतली कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे. दुसऱ्या दिवशी नर ओळीतून गोळा केलेले पराग त्या फुलाच्या टोकाला लावायचे. क्रॉस झालेले फूल ओळखू यावे म्हणून त्याचे एक-दोन निदल खुडून खूण करायची. जे फूल हातातून सुटून आपोआप फळले, ते फळ काढून टाकायचे. हे सगळे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, सकाळच्या ठराविक वेळेत, मान वर करून किंवा वाकून. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या साधारण 300 बिया बसतात. एवढ्या हलक्या मालासाठी एवढी मेहनत, आणि शेवटी प्रयोगशाळेत उगवण पाहिली जाते. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते. कंपन्या बहुधा त्याहून बरीच जास्त मागतात. बी पोचट निघाले, तर मजुरी झालेली असते आणि माल मात्र नापास होतो. म्हणून साखर कुठे जाते हा प्रश्न इथे थेट शेतकऱ्याच्या खिशाशी जाऊन भिडतो.

साखर तयार होते पानात. प्रवासाला निघते ती सुक्रोजच्या रूपात, आणि तिची वाट असते सालीतल्या अन्नवाहिन्यांतून. ही गोष्ट मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवी वाटू नये. कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाच्या आणि शेततळ्यांच्या बळावर द्राक्षे वाढवली, आणि द्राक्षात गर्डलिंग कशासाठी करतात हे द्राक्षबागाईतदाराला पाठ असते. सालीची एक बारीक चकती काढली, की वरून खाली मुळांकडे जाणारा अन्नरस अडतो आणि मणी फुगतात. इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी याने सतराव्या शतकात झाडांच्या साली गोलाकार काढून नेमके हेच पाहिले होते : कापाच्या वरचा भाग सुजतो, खालचा उपाशी राहतो. साखर का वाहते याचे आजही मान्य असलेले स्पष्टीकरण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंश याने 1930 च्या ग्रंथात मांडले. पानाजवळ वाहिनीत साखर भरली जाते, तिच्यामागे पाणी आत शिरते, दाब वाढतो. फळाजवळ साखर उपसली जाते, पाणी बाहेर पडते, दाब घटतो. या दोन दाबांमधल्या फरकाने रस वाहतो. त्याला पंप नाही, आणि वर किंवा खाली अशी ठरलेली दिशाही नाही.

याचा अर्थ साखर कुणाच्या वाट्याला किती जाणार हे पाठवणाऱ्या पानापेक्षा उपसणारा भाग जास्त ठरवतो. नव्या मोंढ्यात आलेला माल कुणाच्या गाडीत चढणार हे माल आणणारा शेतकरी ठरवत नाही, बोली लावणारा ठरवतो. टोमॅटोच्या झाडातही साखरेचा लिलाव असाच चालतो. वाढणारी फळे, मुळे, शेंडा, बगलफूट आणि कोवळी पाने हे सगळे बोली लावणारे. फळांची बोली सगळ्यांत मोठी. हरितगृहातल्या लांब मुदतीच्या टोमॅटोत, एकदा फळे धरू लागली की झाडाच्या नव्या सुक्या वजनातला दोन-तृतीयांशाहून जास्त भाग फळांत जातो.

फळाची बोली मोठी का, याचा एक सुंदर पुरावा आनुवंशशास्त्रातून आला आहे. इस्रायलच्या दानी झमीर यांच्या गटाने टोमॅटोच्या एका रानटी पेरुवियन नातेवाइकाचा, सोलॅनम पेन्नेलीचा, गुणसूत्राचा छोटा तुकडा लागवडीच्या टोमॅटोत आणला. फळातली साखर वाढली. शोध घेता घेता ते इन्व्हर्टेज नावाच्या एका विकरापर्यंत पोचले. फळाजवळ येणारे सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारे हे विकर आहे. रानटी प्रकारात त्यातले एक अमिनो आम्ल वेगळे होते, आणि तेवढ्याने विकराचे काम वाढून फळाची ओढ वाढली. 2004 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. या प्रयोगात फरक केला गेला तो फळाच्या बाजूला. कात्री कुणी चालवली नव्हती.

आता जवळच्या पानाचा प्रश्न. घोसाजवळचे पान त्याच घोसाला पोसते, म्हणून ते जपावे, असा दुसरा एक समज आहे. हा समज हवेतला नाही. जपानमध्ये तानाका आणि फुजिता यांनी 1974 मध्ये टोमॅटोचे झाड छोट्या छोट्या तुकड्यांत विभागलेले आहे अशी मांडणी केली : एक घोस आणि त्याला लागून असलेली तीन पाने मिळून एक एकक. किरणोत्सारी कार्बन देऊन पाहिले, की एका पानातली साखर जवळच्या, त्याच बाजूच्या घोसात जास्त जाते, हे खरेच दिसते. पण पुढे नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात एप ह्युव्हेलिंक यांनी दोन फांद्यांची टोमॅटोची झाडे घेऊन वेगळा प्रश्न विचारला. काही झाडांत एका फांदीवरचे सगळे घोस काढले आणि दुसऱ्या फांदीवरचे सगळे ठेवले. काही झाडांत दोन्ही फांद्यांवरचा एकाआड एक घोस काढला. दोन्हीकडे काढलेल्या घोसांचे प्रमाण सारखेच, पण पहिल्या झाडांत एका फांदीच्या पानांना शेजारी एकही फळ उरले नाही. त्यांची साखर अडून बसली का? नाही. फळे आणि बाकीचे झाड यांच्यातली वाटणी दोन्हीकडे जवळपास सारखीच राहिली. 1995 मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला तो असा, की साखर एका सामाईक साठ्यात येते आणि तिथून ओढीप्रमाणे वाटली जाते. अंतराला फार महत्त्व नाही.

दोन्ही निरीक्षणे एकत्र बसतात. जवळची वाट सोपी म्हणून साखर आधी तिकडे जाते. ती बंद झाली की दुसरी वाट धरते. टोमॅटोच्या खोडात अन्नवाहिन्यांचे धागे आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी असतात, त्यामुळे वाटांची कमतरता नसते. शेतकऱ्यासाठी यातला बोध असा, की एखादे विशिष्ट पान जपून किंवा खुडून विशिष्ट घोसाचे भले करता येईल ही आशा फार धरू नये. झाडावर एकूण किती हिरवे पान उजेडात आहे आणि एकूण किती फळे ओढ लावून आहेत, हा हिशेब खरा.

मग ‘बसून खाणाऱ्या’ जुन्या पानाचे काय? इथे समज पूर्ण उलटा पडतो. टोमॅटोसारख्या झाडाचे पान कोवळे असताना बाहेरून साखर घेते आणि आपला देह उभा करते. साधारण एक-तृतीयांश ते निम्मे वाढले, की ते हळूहळू घेणे थांबवते आणि देऊ लागते. एकदा घेणे बंद झाले, की ते सहसा परत सुरू होत नाही, सावलीत गेले तरी नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट टर्जन यांनी 1984 मध्ये याची कसोटी तंबाखूवर घेतली. हिरव्या झाडावर वाढलेली पांढरी, हरितद्रव्य नसलेली पाने त्यांनी अभ्यासली. ही पाने जन्मात कधी साखर करू शकत नाहीत. तरीही ठराविक वयाला पोचल्यावर त्यांनीही बाहेरून साखर घेणे थांबवले. म्हणजे उपाशी पडले तरी प्रौढ पान दुसऱ्याच्या ताटातले ओढत नाही. टोमॅटोचे खालचे, सावलीत गेलेले पान स्वतःच्या श्वसनाला स्वतःची साखर वापरते, ती संपली की पिवळे पडते, आणि पिवळे पडता पडता त्यातले नत्र, पालाश, मॅग्नेशियम वरच्या भागाकडे परत जाते. त्याच्यावर चोरीचा आळ घेण्याला शास्त्रात आधार नाही. उलट ते हिरवे असतानाच खुडले, तर झाडाला परत मिळणारे नत्र आपणच बांधाबाहेर फेकतो.

साखर खरोखर ओढणारी पाने वरची, कोवळी असतात. तेव्हा तर्काने चालायचे तर साखर वाचवण्यासाठी शेंड्याजवळचे कोवळे पान काढायला हवे. वाखेनिंगेनच्या गटाने 2004 च्या सुमारास हेही करून पाहिले. उंच वाढणाऱ्या टोमॅटोत दोन घोसांच्या मध्ये साधारण तीन पाने येतात. त्यातले एक त्यांनी अगदी लहानपणीच काढून टाकले. वाटणी खरोखर फळांच्या बाजूला सरकली. पण झाडाचे एकूण पान कमी झाले, उजेड कमी धरला गेला आणि साखरच कमी बनली. वाट्याचे प्रमाण वाढले, पण वाटायचे मूळ कमी झाले, त्यामुळे उत्पन्नात फायदा दिसला नाही. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते, की कोवळे पान काढायचेच असेल तर खालची जुनी पाने जास्त दिवस ठेवा, म्हणजे उजेड धरणारे क्षेत्र टिकेल. साखरेचा विचार शेवटपर्यंत नेला, की तो आपल्याला दुकानातल्या सल्ल्याच्या नेमक्या विरुद्ध टोकाला आणून सोडतो : कोवळे खुडा, जुने ठेवा.

शेतकरी या ठिकाणी मान हलवेल. तो म्हणेल, पुस्तक काही सांगो, मी दर वर्षी खालची पाने काढतो, उत्पन्न घटत नाही, उलट फळे लवकर लाल होतात. त्याचे निरीक्षण खरे आहे. प्रश्न आहे तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा.

उत्पन्न घटत नाही, कारण झाडाच्या अंगात थोडी लवचिकता असते. काही पाने काढली की उरलेल्यांना जास्त उजेड मिळतो, आणि साखरेला मागणी असेल तर ती जास्त काम करतात. पानाचे काम मागणीवरही अवलंबून असते. फळे गळाली किंवा काढून टाकली, की पानांत पिष्ट साचते, पाने जाड होतात, आत वळतात आणि त्यांचे काम मंदावते. म्हणजे पाने मागणीपेक्षा जास्त असलेल्या झाडावरची थोडी पाने काढली, तर नुकसान दिसत नाही. पण नुकसान दिसले नाही म्हणजे फायदा झाला, असे होत नाही. मर्यादेपलीकडे गेले की नुकसान सुरू होते, आणि ते पहिल्या घोसात न दिसता वरच्या घोसांत, लहान फळांत आणि हलक्या बीत दिसते.

फळ लवकर लाल होते, कारण पान गेल्यावर फळावर ऊन पडते, फळ तापते आणि पिकण्याची क्रिया वेग घेते. पिकण्याचा वेग आणि साखरेचा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हेच ऊन एप्रिलमध्ये उलटते. फळाचे तापमान 30-32 अंशांच्या वर राहू लागले, की लाल रंग देणारे लायकोपीन नीट बनत नाही. फळ पिवळट-नारिंगी राहते. त्याहून तापले तर साल भाजून पांढरा, चिवट डाग पडतो.

मग पाने काढायचीच का? काढायची, पण खऱ्या कारणांसाठी, आणि ती कारणे काही थोडीथोडकी नाहीत. जमिनीलगतच्या पानांवर पाण्याचे, मातीचे शिंतोडे उडतात आणि करपा तिथून वर चढतो. दाट पानांत ओल टिकते, फवारणी आत पोचत नाही. पांढऱ्या माशीची पिल्ले खालच्या, मोठ्या पानांच्या मागे चिकटलेली असतात. टुटा नागअळी 2014 मध्ये भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती महाराष्ट्रातच, आणि तिने पोखरलेली पाने वेळेवर बाहेर काढून नष्ट करणे हा तिच्यावरचा एक साधा, बिनखर्ची उपाय आहे. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये आणखी एक कारण असते : क्रॉसिंग करणाऱ्या बाईला कळी दिसली पाहिजे, हात पोचला पाहिजे. यातल्या एकाही कारणाचा साखरेशी थेट संबंध नाही, आणि तरीही प्रत्येक कारण पान काढायला पुरेसे आहे.

पाण्याचा आणि चुन्याचा हिशेबही वेगळा आहे. कॅल्शियम साखरेच्या वाटेने येत नाही. ते मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर येते आणि जिथे बाष्पीभवन जास्त तिथे, म्हणजे पानांकडे, जास्त जाते. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो फळाला कॅल्शियम अपुरे पोचल्यामुळे. पानांचा अतिरेक असेल तर काही पाने कमी केल्याने फळाच्या वाट्याला थोडे जास्त येऊ शकते. पण कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत पाने एकदम जास्त काढली, तर शेडनेटमधली थंडावा देणारी ओलच कमी होते. पान पाणी सोडते म्हणून आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुसह्य राहते, हे विसरून चालणार नाही.

परदेशी वेळापत्रकाचा विचार इथे करावा लागतो. डच हरितगृहातला माळी आठवड्याला साधारण जितकी नवी पाने येतात तितकी जुनी काढतो आणि झाडावर 15 ते 18 पाने ठेवतो. त्याच्याकडे हिवाळ्यात उजेडाची टंचाई असते. एक टक्का उजेड म्हणजे एक टक्का उत्पन्न, असा त्याचा ठोकळ हिशेब असतो. त्याच्या झाडांवर पानांचा थर इतका दाट असतो, की जमिनीच्या तिप्पट क्षेत्राचे पान नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड धरते आणि सगळ्यांत खालच्या पानाला उरलासुरला उजेड मिळतो. त्या अंधारातले पान काढले, तर त्याचे नुकसान नगण्य. जालन्याच्या शेडनेटमध्ये परिस्थिती वेगळी आहे. रोपे विरळ, पाने अनेकदा लहान, कधी विषाणूने आकसलेली, आणि वरून झिरपणारा उजेड भरपूर. इथले ‘खालचे’ पान बऱ्याचदा अंधारात नसतेच, ते काम करत असते. नेदरलँड्समधला आकडा तसाच उचलून इथे लावणे म्हणजे तिथल्या हवामानाचे उत्तर इथल्या प्रश्नाला देणे.

ऋतूप्रमाणेही उत्तर बदलते. पावसाळ्यात ढगाळ हवा, उजेड कमी, करपा जोरात. त्या वेळी खालची पाने काढणे रोगासाठी गरजेचे, पण साखर आधीच तुटीची, म्हणून वरच्या हिरव्या पानांना हात लावणे महागाचे. हिवाळ्यात ऊन स्वच्छ, रात्री थंड. तेव्हा झाड सगळ्यांत समतोल असते आणि मध्यम विरळणी त्याला सोसते. उन्हाळ्यात दिवसाचे तापमान 35 च्या वर आणि रात्रीचे 25 च्या आसपास राहू लागले, की पराग निकामी होतात, फळे धरत नाहीत. साखर असते, तिला ओढणारी फळे नसतात. अशा वेळी पाने काढून फळे येणार नाहीत. राहिलेल्या फळांना सावली देणारा आडोसा मात्र जाईल.

आता मूळ मुद्द्याकडे, बीकडे येऊ. बीजोत्पादनात साखर वळवण्याचे काम कात्री करते, पण ते पानांवर चालून नव्हे. ते होते बगलफूट वेळेवर काढून, क्रॉस न झालेली फळे खुडून, झाडावर ठरावीक संख्येपुरतीच क्रॉस फळे ठेवून आणि ठरलेल्या घोसांनंतर शेंडा मारून. हे चारही उपाय बोली लावणाऱ्यांची संख्या कमी करतात. एक नको असलेले फळ काढले, तर ते जेवढी साखर खेचणार होते तेवढी बाकीच्या फळांकडे आणि त्यातल्या बीकडे जायला मोकळी होते. शिवाय बी स्वतःही ओढ लावते. ज्या फळात परागसिंचन चांगले होऊन जास्त बी धरते, ते फळ सहसा मोठे होते, कारण वाढते बी फळाच्या वाढीला चालना देणारी संप्रेरके सोडते. म्हणून साखरेच्या वाटणीवर सगळ्यांत मोठा परिणाम कोणाचा, असे विचारले तर मी कात्रीआधी चिमटा आणि पराग धरणाऱ्या बोटांचे नाव घेईन. सकाळी योग्य वेळी, पुरेसे पराग लावून झालेले क्रॉसिंग त्या फळाची बोली वाढवते.

पान काढण्याला एक धोकाही आहे आणि बीजोत्पादनात तो दुप्पट आहे. टोमॅटो मोझॅकसारखे विषाणू हाताने, नखाने, कात्रीने एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि बीच्या सालीला चिकटून दूरवर पोचतात. म्हणून बिनकारण काढलेले प्रत्येक पान हे विनाकारण केलेली एक जखम असते. पाने काढायची तर सकाळी, खोडाशी स्वच्छ मोडून, खुंट न ठेवता, आणि रोगट झाडाला हात लावल्यावर हात धुऊनच पुढच्याकडे.

हे सारे शास्त्र कुठल्या कुलपात नव्हते. काही प्रयोग तीस-चाळीस वर्षे जुने आहेत. तरी ते शेडनेटपर्यंत का आले नाही? याचे उत्तर साखरेइतकेच वाटणीत आहे. कंपनीच्या बीजोत्पादनात शेतकऱ्याला मूळ बियाणे मिळते, औषधांची यादी मिळते, कधी काय करायचे त्याच्या सूचना मिळतात. का करायचे, हे क्वचितच मिळते. जोखीम मात्र शेतकऱ्याकडे असते : उगवण कमी आली, शुद्धता घसरली, तर भरपाई कोण करते हे सगळ्यांना माहीत आहे. आणि जोखमीच्या तळाशी असते ती मजुरी करणारी बाई. तिला फक्त ‘खालची दोन काढ’ एवढे सांगितले, तर आज दोन, उद्या तीन, परवा चार पाने निघतात. ‘उजेडातले हिरवे पान ठेव, जमिनीला टेकलेले आणि डागाळलेले काढ’ एवढे सांगितले, तर तीच बाई प्रत्येक झाडापाशी स्वतः निर्णय घेऊ शकते. कारण सांगणे म्हणजे निर्णयाचा हक्क देणे. जालन्याच्या बियाणे उद्योगाने वाण दिले, बाजार दिला, रोजगार दिला. कारणे देण्यात मात्र तो मागे राहिला आहे.

‘शेतकऱ्याला सोपा नियम हवा, शास्त्र नको’ हा आक्षेप मला माहीत आहे. सोपे नियम बरोबर कारणांवरही उभे करता येतात. रोग आणि कीड असलेले पान कधीही काढा. जमिनीला टेकणारी पाने पहिला घोस धरल्यावर टप्प्याटप्प्याने काढा, एका वेळी झाडामागे दोन-तीनच. उजेडात असलेले हिरवे पान साखरेच्या नावाखाली काढू नका. साखर वळवायची असेल तर बगलफूट आणि नको असलेली फळे काढा. उन्हाळ्यात फळावर सावली असू द्या. या पाच वाक्यांसाठी कुणाला पदवी लागत नाही.

शेवटचा प्रश्न पुराव्याचा. वर सांगितलेले पाने आणि घोस काढण्याचे प्रयोग उंच, भाजीच्या टोमॅटोवर, थंड देशात, काचघरांत झाले. मराठवाड्याच्या शेडनेटमध्ये, बीसाठी वाढवलेल्या मादी ओळीत, किती पाने ठेवली तर बी सगळ्यांत भरीव होते, हे इथेच मोजावे लागेल, आणि ते मोजणे अवघड नाही. एका शेडनेटमधल्या काही ओळींत पाने नेहमीसारखी काढावीत, काही ओळींत फक्त रोगट पाने काढावीत, काही ओळींत त्याहून जास्त. सगळीकडे क्रॉस फळांची संख्या सारखी ठेवावी, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. शेवटी फळे नव्हे, बी मोजावे : हजार बियांचे वजन आणि उगवणीची टक्केवारी. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने असा प्रयोग दहा शेतकऱ्यांकडे एकाच हंगामात लावावा, कंपन्यांनी उगवण चाचणीचे निकाल ओळीवार द्यावेत, आणि निकाल काहीही आला तरी तो गावात सगळ्यांसमोर मांडावा. ज्या गावाने देशाला संकरित बी दिले, त्या गावाने एका पानाचा हिशेब अंदाजावर सोडू नये. तोवर शेडनेटवाल्यांना माझे एवढेच सांगणे आहे : खालचे पान काढायचे असेल तर करप्यासाठी काढा, हवेसाठी काढा, हात पोचावा म्हणून काढा, साखरेसाठी काढू नका.